परिस्थिती माणसाला कशी घडवते आणि कशी बिघडवते: पुण्यातून सारखे येणारे प्रश्न

आम्ही काही जण पुण्यातल्या वस्त्यांमध्ये, सोसायट्यांमध्ये आणि अभ्यासिकांमध्ये जाऊन तब्येत, घर, काम, पैसा यावर बोलतो. बोलणं झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न सुरू होतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून इथे एकत्र केलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिकडचा नंबर दिलाय, तिथे जाऊन वाचा.

१. तब्येत तर आपल्याच हातात असते ना? व्यसन करू नका, व्यायाम करा, संपलं. त्यात परिस्थितीचा काय संबंध?

थोडी आपल्या हातात असते, पण आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी. व्यायाम करा म्हणणं सोपंय, पण पहाटे ४ ला नळाला पाणी येतं म्हणून उठणारी, मग डबे करून ३ घरची धुणंभांडी उरकणारी बाई व्यायाम कधी करणार? जागतिक आरोग्य संघटनेने यावर सर मायकल मार्मॉट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता, त्याचा रिपोर्ट २००८ साली आला. त्यात स्पष्ट म्हटलंय की माणूस कुठे जन्मतो, वाढतो, काय काम करतो, कुठे राहतो आणि म्हातारा होतो यावर त्याचं आयुष्यमान मोठ्या प्रमाणात ठरतं. म्हणजे घर, पाणी, शिक्षण, मजुरी, मान हे सगळे तब्येतीचेच विषय आहेत, डॉक्टर नंतर येतो.

२. मग पैसा आला की तब्येत आपोआप सुधारते का?

एका मर्यादेपर्यंत हो, आणि अगदी खालच्या पातळीवर तर थोडे पैसे वाढले तरी मोठा फरक पडतो कारण ते थेट खाण्यात, औषधात, चपलेत जातात. पण फक्त पैसाच असता तर केरळचं कोडं सुटलं नसतं. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार १००० जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळात ६, महाराष्ट्रात १६ आणि देशात सरासरी २८. आपला महाराष्ट्र काही केरळपेक्षा गरीब नाही. तिथे मुली आधीपासून शिकल्या, सरकारी दवाखाना जवळ होता आणि लोक तो नीट चालावा म्हणून भांडत राहिले. आपल्याकडे पण याची उदाहरणं आहेत, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना तयार करून काम उभं केलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि बालमृत्यू खाली आणले. गावं श्रीमंत व्हायची वाट कोणी बघत बसलं नाही.

३. गरिबांचं कळतं, पण माझी पर्मनंट नोकरी आहे, घर आहे. मला हे कशाला लागू होईल?

लागू होतं. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांवर एक मोठा अभ्यास झाला. हे सगळे पगारी, पक्क्या नोकरीचे पुरुष होते, उपाशी कोणी नव्हतं, उपचार फुकट मिळत होते. तरी सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्यांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. आणि मधलेही सुटले नाहीत, प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच्या वरच्या पायरीवरच्यापेक्षा जास्त आजारी. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. पुढच्या अभ्यासात दिसलं की आपल्या कामावर आपला किती ताबा आहे यावर हृदयविकाराचा बराच भाग अवलंबून असतो. वरून डेडलाइन येतेय, काम कसं करायचं तेही वरूनच ठरतंय, रजा मागितली तर तोंड वाकडं होतंय, ही अवस्था हिंजवडीतल्या टीम मेंबरची पण असते आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची पण, फक्त त्या मुलाकडे पीएफ आणि मेडिक्लेम नसतो.

४. टेन्शनने खरंच शरीर बिघडतं की नुसतं मनाचं असतं?

खरंच बिघडतं. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तात साखर सोडली जाते, पळायची तयारी होते. धोका टळला की सगळं खाली येतं, ही व्यवस्था चांगलीच आहे. पण घरमालक कधीही खोली खाली करायला सांगेल, मुकादम उद्या बोलवेल की नाही माहीत नाही, बचत गटाचा हप्ता मंगळवारी आहे, असलं टेन्शन टळतच नाही ना. मग बीपी चढं राहतं, पोटाभोवती चरबी साठते, झोप उडते, जखमा उशिरा भरतात. डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणतात तेव्हा ताई नुसती मान हलवते, कारण ते टेन्शन तिने हौसेने घेतलेलंच नसतं.

५. हातात पैसे नसताना लोक मोबाईल घेतात, लग्नात उधळतात, सेव्हिंग करत नाहीत. हा दोष त्यांचाच ना?

हा प्रश्न सोसायट्यांमधून सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. तेच शेतकरी, ऊस जायच्या आधी हात आखडलेला असताना आणि उसाचे पैसे आल्यावर, दोन्ही वेळा त्यांना डोकं चालवायची कोडी दिली. पैसे आल्यावर त्याच माणसांनी कोडी बरीच चांगली सोडवली. माणूस तोच, अक्कल तीच, पण आधी डोक्यात सतत हिशोब चालू होता, कोणाची उसनवारी आधी फेडू, किराणावाला अजून उधार देईल का, आणि त्या हिशोबात इतकं डोकं अडकतं की बाकी गोष्टींना जागाच राहत नाही.

आता मोबाईलचं बघा. कामाचा कॉल त्यावर येतो, मजूर अड्ड्यावर उभं राहण्यापेक्षा ठेकेदार व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतो, पोराची शाळा त्यावर चालते, गावाकडच्या आईचा चेहरा त्यावर दिसतो. लग्नाचा खर्च जास्त होतो हे खरंय आणि तो कमी व्हायला हवा असं माझंही मत आहे, पण ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही बँकेत वजन नाही त्याला अडीअडचणीला भावकीच उपयोगी पडते आणि भावकीत उठबस ठेवायला काही खर्च करावाच लागतो. आणि सेव्हिंग होतं की! भिशी बघा, बचत गट बघा, बायका पोटाला चिमटा काढून दर महिन्याला टाकतात. फक्त एक आजारपण आलं की सगळं जातं, त्याबद्दल प्रश्न १७ बघा.

६. अंगमेहनत करणारे लोक तर फिट असतात ना? त्यांना जिमची गरज नाही.

आपल्या मर्जीने, पोटभर खाऊन, दमलं की थांबून केलेली हालचाल शरीराला बनवते. दुसऱ्याच्या मर्जीने, अर्धपोटी, खाडा पडू नये म्हणून दुखणं अंगावर काढत केलेली मेहनत शरीर झिजवते. मार्केट यार्डातल्या जुन्या हमालांचे गुडघे आणि पाठ बघा. पोतं ५० किलोच्या वर नको ही त्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे आणि ती शंभर टक्के तब्येतीची मागणी आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याने हमालांना पीएफ, रजा, बोनस मिळायची सोय झाली. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, स्वस्तात पोटभर भाजी भाकरी. कामगाराच्या तब्येतीसाठी यापेक्षा सरळ उपाय मला तरी माहीत नाही.

७. आमचं पत्र्याचं घर आहे, एप्रिल मे मध्ये आत बसवत नाही. याने आजारपण येतं का?

येतं. पत्रा दिवसभर तापतो आणि ती धग खाली फेकतो, छत डोक्यापासून हातभर वर असलं की थेट अंगावर. पंखा लावला तर तोच गरम वारा फिरतो. शरीर दिवसा ऊन सोसतं ते रात्री गार होण्याच्या भरवशावर, पण घरच रात्री १ पर्यंत तापलेलं असेल तर ती विश्रांती मिळत नाही, झोप होत नाही, दुसऱ्या दिवशी परत तेच ऊन. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बाया, बीपीच्या गोळ्या घेणारे यांना जास्त धोका.

करता येण्यासारखं सांगतो. पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, फरक जाणवतो. पत्र्याखाली बांबूची चटई किंवा जुनं फ्लेक्स थोडी पोकळी सोडून बांधा. समोरासमोर हवा जाईल अशी एक तरी झडप ठेवा. घाम खूप गेला असेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. आणि कोणी उन्हात बरळायला लागलं, चक्कर येऊन पडलं, अंग भट्टीसारखं तापलं तर ते साधं ऊन लागणं नाही, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी टाकत वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

एकट्या घराने हे सगळं होत नाही. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा केला, आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे वगैरे. आपल्या नगरसेवकाला विचारा की आपल्या वॉर्डात उन्हाळ्यासाठी काय तयारी आहे.

८. कोविडसारखी साथ तर गरीब श्रीमंत बघत नाही, सगळ्यांना सारखीच लागते ना?

विषाणू बघत नाही पण घर बघतं. २०२० च्या जुलै ऑगस्टमध्ये पुण्यातल्या ५ प्रभागांत रक्त तपासणी झाली, आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ वगैरे संस्थांनी मिळून केली होती. एकूण ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोविडच्या अँटीबॉडी सापडल्या. लोहियानगर कासेवाडीत ६५ टक्क्यांच्या वर, कसबा सोमवार पेठेत ३६ च्या आसपास. झोपडीत राहणाऱ्यांत ६० च्या पुढे आणि फ्लॅटमध्ये ३३. माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा संडासाचा आहे, घरात स्वतःचा संडास असणाऱ्यांत ४५ टक्के आणि सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२ टक्के. १० बाय १० च्या खोलीत ६ माणसं आणि सकाळी संडासला रांग, तिथे "६ फुटांचं अंतर ठेवा" कसं पाळणार होते लोक?

पुण्याला हे नवीन नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ ला, आणि ज्यांना त्यांनी उचलून दवाखान्यात नेलं ते गरीब, दाटीवाटीने राहणारेच लोक होते.

९. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, दिसायला स्वच्छ आहे. उकळायची खरंच गरज आहे का?

हो आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली, पेशंटचा आकडा दोनशेच्या वर गेला. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ साली पालिकेत आली, इमारती त्याच्या आधीपासून उभ्या राहत होत्या आणि पाण्याची शुद्धीकरणाची सोय मागेच राहिली. शहर वाढलं आणि नळ मागे राहिले की काय होतं ते इथे दिसलं. तिथे मोठ्या सोसायटीत राहणारेही होते, म्हणजे वाईट पाणी फक्त वस्तीचा प्रश्न नाही.

पाणी खळखळून उकळू द्या, निदान १ मिनिट, आणि झाकून ठेवा. पिंपात हात बुडवायचा नाही, ओगराळं वापरा. सोसायटीने टाक्या धुवून क्लोरीन तपासून घ्यावं आणि टँकरवाल्याला पाणी कुठून भरलं ते विचारावं, लाजायचं काय त्यात.

१०. पाणी कधी येईल याचा भरवसा नसेल तर त्याने पण तब्येतीवर परिणाम होतो?

होतो, आणि तो जास्त करून बायकांवर होतो. रात्री बेरात्री पाणी आलं की झोपमोड तिचीच, भरलेले हंडे उचलून मान आणि कंबर तिचीच जाते, पाण्यासाठी कामावर उशीर झाला तर बोलणी तीच खाते. पिंपरी चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झालं. साठवून ठेवलेल्या पाण्यात डेंगूचे डास होतात ते वेगळंच, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करा.

११. टीबीची गोळी चालू आहे मग खाण्याकडे इतकं लक्ष द्यायची काय गरज?

कारण टीबी उपाशी आणि कोंदट घर शोधतो. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरातल्या लोकांना दर महिन्याला धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर घरातल्या बाकीच्यांना टीबी व्हायचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं, भारतीय डॉक्टरांनीच केलेलं काम आहे. नुसतं खाणं दिलं, बरं का. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पेशंटला महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० वरून वाढवलेत. खात्यात जमा होतायत का ते बघा, नसतील तर पालिकेच्या दवाखान्यात टीबीच्या कर्मचाऱ्यांना सांगा. आणि गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

१२. मी बारीक आहे, तरी शुगर निघाली. असं कसं?

यावर जगात गाजलेलं काम पुण्यातच झालंय. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे दिसायला किरकोळ पण आतून चरबी जास्त. पुढे मोठेपणी शहरात आलं, बसून काम, वडापाव, गोड चहा सुरू झाला की हे शरीर शुगरकडे लवकर झुकतं. २००४ साली त्यांनी स्वतःची आणि एका इंग्रज डॉक्टरची तुलनाही छापली, उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, पण त्या डॉक्टरच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२.

त्याच गावांमधून दिसलं की ज्या आयांनी गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाल्लं त्यांची बाळं चांगली भरली आणि ज्यांना शेतात घरात जड काम जास्त पडलं त्यांची बाळं लहान झाली. म्हणजे तुमच्या आजच्या शुगरमध्ये तुमच्या आईच्या खुरप्याचाही वाटा असू शकतो. त्यात आईची चूक शोधू नका, तिला विश्रांती द्यायला तेव्हा कोणी नव्हतं. आपल्या घरात आता कोणी गरोदर असेल तर हंडा तिच्या हातातून घ्या आणि ताटात मेथी, शेपू, दूध आधी तिला वाढा.

१३. म्हणजे गरिबांनाच सगळे आजार आणि मध्यमवर्ग सुरक्षित?

नाही, आणि याचा पुरावा पण पुण्यातलाच आहे. याच टीमने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासले, २००६ साली ते छापून आलं. बी१२ या जीवनसत्त्वाची कमतरता सगळ्यात जास्त मध्यमवर्गात निघाली. मोठं कारण म्हणजे शाकाहार, बी१२ जवळजवळ फक्त मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. पेठांमधल्या घरांत हातापायाला मुंग्या येतायत, विसरायला होतंय अशी तक्रार असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका, एकदा बी१२ तपासून घ्या. परिस्थिती म्हणजे नुसती गरिबी नाही, घरातली रीत पण परिस्थितीच आहे.

१४. जातीचा तब्येतीशी किंवा अभ्यासाशी काय संबंध? आता कोण जात बघतं?

बघतात, भाड्याने घर शोधताना आडनाव का विचारतात ते अनुभवलेल्यांना विचारा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला होता, शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात माहीत नसताना दलित आणि सवर्ण मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि जात वाचून दाखवली, तर दलित मुलांची कामगिरी घसरली. पोरं तीच, वर्ग तोच. ज्याला रोज अशी आठवण करून दिली जाते त्याच्या डोक्यावर आणि शरीरावर काय होत असेल त्यासाठी प्रश्न ४ परत वाचा. आणि पाणवठा वेगळा, वस्ती गावाबाहेर, गटारात उतरायचं काम ठराविक लोकांनाच, हे तर थेट जीवावरचं आहे. आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' मोहीम काढली ती याचसाठी.

१५. एमपीएससीची तयारी करतोय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. पित्त, केस गळणं, झोप नाही. वय २७. हे नॉर्मल आहे का?

कॉमन आहे पण नॉर्मल म्हणून सोडून देऊ नको मित्रा. तुझी परिस्थिती एकदा मांडून बघ, खोलीत ४ कॉट, खिडकी एक, मेसचं तेच ते तेल, अभ्यासिकेत १२ तास खुर्चीत, गावाकडून वडील शेतीतून काढून पैसे पाठवतात त्याचं ओझं, तारीख पुढे जाते, मित्राची पोस्ट निघते, घरून लग्नाचा विषय. इतक्या सगळ्यात शरीर कुरकुरणारच, तू कमजोर आहेस असा त्याचा अर्थ नाही. सकाळी नुसता चहा बिस्कीट नको, केळं, उकडलेलं अंडं, शेंगदाणे गूळ काहीतरी घे. झोपायची वेळ एक ठेव. आठवड्यातून एक संध्याकाळ पर्वती चढ, पुस्तक खोलीवर ठेवून. आणि किती प्रयत्न करायचे, दुसरं काय करता येईल ते आत्ताच, डोकं शांत असताना घरच्यांशी बोलून ठरव. मन फारच खचलं, जगणं नको वाटलं तर १४४१६ वर टेली मानसला फोन कर, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, कधीही लागतं. वाट बघू नको.

१६. झोपडी पाडून फ्लॅट मिळाला, आता तर परिस्थिती सुधारली म्हणायची ना?

पक्कं छप्पर, स्वतःचा संडास, दाराला कुलूप, ही फार मोठी गोष्ट आहे, प्रश्न ८ मधला संडासाचा आकडा आठवा. पण दोन इमारती इतक्या जवळ असतील की खालच्या मजल्यावर दिवसा पण लाइट लावावी लागते, तर तिथे नवीन त्रास सुरू होतात. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झाला तेव्हा ऊन आणि वारा कमी असलेल्या घरांत टीबी जास्त दिसला. शिवाय कामाची जागा लांब पडली की बायकांची धुण्याभांड्याची घरं सुटतात, लिफ्ट बंद पडली की म्हातारे वरच अडकतात, मेंटेनन्स भरावा लागतो. म्हणून फ्लॅटचा नकाशा दाखवतील तेव्हा चौरस फूट किती ते विचाराच, पण खिडकीसमोर काय आहे आणि बस कुठून मिळते हेही विचारा.

१७. हॉस्पिटलच्या एका बिलाने घर बसतं. काही सोय असते का?

असते, पण कोणी आपणहून सांगत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू केली, फक्त हॉस्पिटल आणि आजार यादीत असावा लागतो. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. पुणे पालिकेची शहरी गरीब योजना पण आहे. अ‍ॅडमिट होतानाच समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा आणि रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला हातात ठेवा. दाखला आजारी पडल्यावर काढायला धावू नका, आधीच काढून ठेवा.

१८. पोरं अमेरिकेत, आम्ही दोघं कोथरूडला फ्लॅटमध्ये. पैशाची ददात नाही, पण काही ना काही दुखत असतं. हे पण परिस्थितीमुळेच का?

एकटेपणा ही पण परिस्थितीच आहे काका. माणसांशी संबंध तुटलेल्यांत हृदयविकार, नैराश्य, विसरभोळेपणा जास्त आढळतो हे आता पक्कं झालंय. व्हिडिओ कॉलने बरं वाटतं पण रोज कोणीतरी समोर लागतं. ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळचा हास्यक्लब, देवळातलं भजनी मंडळ, जे आवडेल ते, फक्त ठरलेल्या वेळेला ठरलेली माणसं भेटायला हवीत, म्हणजे एक दिवस तुम्ही दिसला नाहीत तर कोणीतरी बेल वाजवेल. आणि दुखणं खरं असू शकतं, तपासणी टाळू नका.

१९. नाइट शिफ्ट वर्षानुवर्षं केली तर?

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, ते उलटं फिरवत राहिलं की शुगर, पित्त, वजन, चिडचिड वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय, २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये. वॉचमन, नर्स, कॉल सेंटर, सगळ्यांना लागू. शिफ्ट सारखी बदलत असेल तर निदान काही आठवडे एकच ठेवायला मागा, दिवसा झोपताना खोली काळोखी करा.

२०. एकाच आईबापाची दोन पोरं, एकच खोली, एक इंजिनिअर झाला एक वाया गेला. मग परिस्थितीला दोष का द्यायचा?

परिस्थितीने शक्यता बदलतात, प्रत्येकाचं नशीब लिहिलं जात नाही. १०० मुलं घेतली तर किती पुढे जातील हे बऱ्यापैकी सांगता येतं, त्यातलं कोणतं जाईल ते सांगता येत नाही. आणि एकाच घरात पण परिस्थिती सारखी नसते. मोठा १० वीत असताना वडिलांचं काम सुटलं म्हणून तो गॅरेजला लागला, त्याच पगारावर धाकट्याचा क्लास लागला. बहिणीचं तर कोणी मोजतच नाही. तो मोठा वाया गेला म्हणायचं का?

बाबासाहेबांचं उदाहरण लोक जिद्दीसाठी देतात आणि जिद्द अफाट होतीच, पण १९१३ साली कोलंबियाला जायला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप होती. ज्यांना तशी स्कॉलरशिप मिळाली नाही अशी किती हुशार पोरं गावकुसाबाहेर राहिली असतील याची कुठेच नोंद नाही.

२१. पटलं सगळं. पण आमची सोसायटी परिस्थिती थोडीच बदलणार? आम्ही काय करू शकतो?

बरंच करू शकता आणि उद्याच. घरकाम करणाऱ्या ताई आणि सफाई कर्मचारी यांच्यासाठी खालचा संडास उघडा ठेवा, आत पाणी आणि साबण ठेवा. कित्येक जणी सकाळी ७ ते दुपारी ३ लघवीला जायला मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, मग युरिन इन्फेक्शन, मुतखडा आणि उन्हाळ्यात चक्कर. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ मध्ये देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालंय, त्यांच्याकडून आपण लादी पुसून घेतो. त्यांना वेगळी लिफ्ट हा नियम असेल तर पुढच्या मीटिंगला काढून टाका. महिन्यात ४ सुट्ट्या पगारी द्या आणि आजारपणाचा खाडा कापू नका. कचरा ओला सुका वेगळा करूनच द्या, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, कचरावेचक ताईंचे हात त्यात जातात. १९९३ पासून पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना आहे, ती हेच सांगत आलीये. वॉचमनच्या केबिनला पंखा आणि नीट बसायची खुर्ची द्या. याला मेंटेनन्समध्ये घरटी किती पडतील ते सेक्रेटरींना काढायला सांगा, आणि वेगळ्या लिफ्टचा विषय मीटिंगच्या नोटिशीत आधीच लिहून घ्या, ऐनवेळी काढला की पुढच्या मीटिंगवर ढकलतात.